दुर्गम उंच डोंगरांतला पहिला मोठा ट्रेक: आखणी मुक्कामांपासून करा

बहुतेक नवे ट्रेकर आखणीला बसले की आधी दोन गोष्टी ठरवतात: कुठली खिंड ओलांडायची आणि कुठली सॅक घ्यायची. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांची पाळी नंतर येते. ज्या डोंगरांत आठवडाभर रस्ता नाही, दवाखाना नाही, मोबाइलला रेंज नाही, तिथे पहिले प्रश्न वेगळे असतात. प्रत्येक रात्री आपण किती उंचीवर झोपणार? आणि त्या रात्री कुणी आजारी पडलं, तर तिथून खाली कसं आणि किती वेळात उतरता येईल? ही उत्तरं कागदावर आली की किती दिवस लागतील, किती शिधा लागेल, काय सामान न्यायचं, सोबत कोण हवं, हे त्यातूनच ठरत जातं. आणि उत्तरं मिळत नसतील, तर ती वाट पहिल्या ट्रेकसाठी नव्हे, हे तिथेच कळतं.

एक-दोन दिवसांचे ट्रेक ज्यांनी बरेच केले आहेत आणि आता ३,००० ते ५,००० मीटरच्या पट्ट्यात आठ-दहा दिवस चालायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दोर, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे खिळे), भेगाळलेल्या हिमनदीवरची चाल हे यात नाही. ते प्रशिक्षण घेऊनच शिकायचं काम आहे.

पहिलं काम: रात्रींचा तक्ता

एक कागद घ्या. डावीकडे रात्रींचे आकडे लिहा, समोर मुक्कामाची उंची, आणि तिसऱ्या रकान्यात ‘इथून खाली कसं’.

उंचीबद्दल डॉक्टरांमध्ये सर्वमान्य असलेला नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. इथे मोजायची ती झोपण्याची उंची. दिवसा त्याहून वर जाऊन परत खाली येऊन झोपलं तर चालतं, उलट ते अंगाला मानवतं.

समजा वाट २,७०० मीटरवर सुरू होते आणि खिंड ५,००० मीटरवर आहे. पहिली रात्र २,७०० वर, पोहोचल्या जागी. दुसरी ३,१०० वर, तिसरी ३,५०० वर. चौथी पुन्हा ३,५०० वरच. त्या दिवशी सामान तंबूत ठेवून ३,९०० पर्यंत चढून या. पाचवी ३,९५० वर, सहावी ४,३५० वर. सातव्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडे ४,२०० वर मुक्काम. आठवी रात्र ३,५०० वर, आणि नवव्या दिवशी रस्ता. यात दोन राखीव दिवस घाला म्हणजे एकूण अकरा. राखीव दिवसांतला एक तरी खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर वापरता येईल असा हवा, कारण हवा बिघडली की माणसं अडकतात ती तिथेच. सुट्टी नऊच दिवसांची असेल, तर खिंड तशीच ठेवून एक मुक्काम गाळण्याचा मोह होतो. मुक्काम गाळू नका, ट्रेक बदला.

विमानाने थेट उंचावर उतरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, पेरूमधलं कुस्को ३,४०० वर. समुद्रसपाटीवरून तासा-दोन तासांत तिथे पोहोचलेल्या शरीराने चढ असा चढलेलाच नसतो. अशा ठिकाणी किमान दोन-तीन रात्री काढल्याशिवाय चालायला सुरुवात करू नका. त्या रात्रीही तक्त्यात लिहा.

आता तिसरा रकाना. मला हा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि अर्धवट राहिलेल्या तक्त्यांमध्ये हाच कोरा असतो. वरच्या उदाहरणात सहाव्या रात्री कुणाची तब्येत बिघडली तर आल्या वाटेने ३,५०० पर्यंत उतरता येतं. वाट ओळखीची आहे, उतरणीची आहे. सातव्या रात्री बिघडली तर पुढे उतरायचं. दोन्हीकडे खाली जायला वाट मोकळी आहे. पण काही वाटा दोन उंच खिंडींच्या मधल्या बंद खोऱ्यात उतरतात. त्या खोऱ्यातून बाहेर पडायचं तर कुठल्याही बाजूला आधी चढावंच लागतं. अत्यवस्थ माणसाला खाली न्यायचं आहे आणि वाट मात्र वर जाते आहे, अशी ती जागा. नकाशावर अशी खोरी ओळखायला शिका, आणि पहिल्या ट्रेकला ती वाट घेऊ नका. ती कितीही सुंदर असली तरी.

उंचीचा आजार: निघण्यापूर्वी पाठ असायला हवं ते

५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के. पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात कमी मिळतो. शरीर याला जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. तरुण असणं, रोज धावणं, व्यायामशाळेत घाम गाळणं याने ते दिवस कमी होत नाहीत. तंदुरुस्त माणूस वेगाने वर जाऊ शकतो, म्हणून कधी कधी त्यालाच धोका जास्त.

साधा उंचीचा आजार २,५०० मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखायला लागतं, जोडीला मळमळ, अन्नावर वासना नसणं, गळून गेल्यासारखं वाटणं, चक्कर. उंचीवर डोकं दुखलं की दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचा आजारच समजायचा. अशा वेळी त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. तिथेच थांबा, पाणी प्या, साधी वेदनाशामक गोळी घ्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढे. वाढलं तर खाली.

याचीच दोन जीवघेणी रूपं आहेत. मेंदूला सूज येते तेव्हा माणूस भेलकांडतो, असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो किंवा गप्प होऊन पडून राहतो. ओळखायची सोपी पद्धत: जमिनीवर सरळ रेषा आखा आणि टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. तोल जात असेल तर मेंदूवर परिणाम झाला आहे असं धरा. फुप्फुसात पाणी भरतं तेव्हा बसल्या जागी दम लागतो, खोकला येतो, ओठ-नखं निळसर होतात, पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो. हे बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीपासून पुढे दिसतं, आणि डोकं अजिबात दुखत नसतानाही होऊ शकतं. दोन्हींचा उपाय एकच आहे आणि तो लगेच करायचा: खाली. रात्र असली तरी, पाऊस असला तरी, वाट सुरक्षित असेल तर सकाळची वाट पाहू नका. ३०० ते १,००० मीटर उतरलं की बहुतेकांना फरक पडतो. त्याला एकट्याला पाठवायचं नाही, आणि शक्य तितके कमी श्रम करायला लावायचे, कारण श्रमाने फुप्फुसांचा त्रास वाढतो.

अॅसिटाझोलामाइड ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. प्रौढांसाठी प्रतिबंधक मात्रा सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, गरोदरपण अशा बाबींत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही आणीबाणीची औषधं. ती कधी, किती द्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यातच ठेवा. घाबरलेल्या माणसाला आठवून काही सुचत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. थंड बोटांवर तो चुकीचे आकडे दाखवतो, आणि आकडा चांगला असूनही माणूस आजारी असू शकतो. माणसाकडे बघा.

झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन मग जोरात सुरू होणं हे मात्र उंचीवर नेहमीचं आहे. पहिल्यांदा अनुभवणारा दचकून उठतो. एवढंच लक्षण असेल तर काळजीचं कारण नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी ते वाढतं, म्हणून दोन्ही नकोत.

हंगाम आणि नकाशा

‘डोंगरात जायचा चांगला महिना’ असं काही नसतं. प्रत्येक पर्वतरांगेचा वेगळा असतो. मध्य हिमालयात जुलै-ऑगस्ट म्हणजे पाऊस आणि कोसळणाऱ्या दरडी, त्याच महिन्यांत लडाखसारख्या पर्जन्यछायेच्या भागात वाटा कोरड्या असतात, आणि पेरूच्या अँडीजमध्ये तर मे ते सप्टेंबर हाच कोरडा हंगाम. हंगामाच्या सुरुवातीला खिंडीत बर्फ साठलेलं असतं, शेवटाकडे दिवस लहान आणि रात्री कडक होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हंगामाचा मधला काळ घ्यावा. खिंड उघडली का, पूल शाबूत आहे का, हे त्या भागातल्या माणसांकडून निघण्याच्या आदल्या आठवड्यात विचारा. मागच्या वर्षीचं वर्णन पुलाच्या बाबतीत निरुपयोगी असतं.

परवाने, संरक्षित क्षेत्रांचे नियम, राष्ट्रीय उद्यानांचं शुल्क हे प्रत्येक देशात, कधी प्रत्येक खोऱ्यात वेगळं. सीमेजवळच्या भागांत वेळ लागतो. दोन महिने आधी सुरुवात करा, एवढंच.

नकाशा मोबाइलवर असतोच, तरी कागदी हवा. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक २० मीटरचा असेल आणि एका सेंटिमीटरमध्ये १० रेषा दिसत असतील, तर उतार सुमारे २२ अंशांचा आहे. १४-१५ रेषा असतील तर ३० अंशांच्या आसपास. बर्फ असताना हा आकडा डोक्यात ठेवायचा, कारण हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. तुमची वाट अशा उताराच्या पायथ्याने जात असली तरी ती त्याच्या माऱ्यात आहे.

रोज किती वेळ लागेल याचा अंदाज घ्यायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब अजून उपयोगी पडतो. आजच्या मापांत: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो ब्रिटनच्या बुटक्या डोंगरांसाठी होता. ३,००० च्या वर, पाठीवर ओझं घेऊन, त्यात निम्मी भर घाला. ४,००० च्या वर दुप्पट धरा. आपल्या उदाहरणातला खिंडीचा दिवस १४ किलोमीटर आणि ६५० मीटर चढाचा असेल, तर नेस्मिथच्या हिशेबाने चार तास, म्हणजे तुमचे आठ. त्यात थांबणं, फोटो, बर्फ, घसाऱ्याची उतरण. पहाटे चारला निघायचं ते यासाठी.

त्याच दिवसासाठी परत फिरण्याची वेळही आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, अकरापर्यंत खिंडीच्या माथ्यावर नसलो तर मागे. दुपारी ढग दाटतात, वीज पडते, ऊन लागून बर्फ भुसभुशीत होतं. ही वेळ आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ठरवायची. माथा शंभर मीटरवर दिसत असताना कुणीही शहाणा निर्णय घेत नाही.

सोबत

पहिला असा ट्रेक एकट्याने करू नका. चारजण ही चांगली संख्या आहे: एक जखमी झाला तर एकजण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मिळून मदतीला जातात. गटात सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच गटाचा वेग, हे निघण्यापूर्वी मोकळेपणाने बोलून घ्या. नंतर ते बोलणं भांडणात होतं.

त्या भागातला वाटाड्या घ्याच. वाट सापडावी एवढ्यापुरता तो नसतो. कुठला ओढा दुपारी फुगतो, कुठल्या उतारावरून दगड येतात, कुठे पाणी आटलंय, हे त्याला माहीत असतं.

ओझेकरी किंवा खेचरं घेणार असाल तर मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डोंगरात राहणाऱ्यांना उंची लागत नाही, हा गैरसमज आहे. खालच्या खोऱ्यातून आलेल्या ओझेकऱ्यालाही उंचीचा आजार तितकाच होतो, आणि काम जाईल या भीतीने तो बोलत नाही. त्याच्याकडे धड बूट, जाकीट, गॉगल, रात्री अंगावर घ्यायला पुरेसं आहे का, झोपायला तंबू आहे का, विमा आहे का, हे ठरवतानाच विचारा. नसेल तर व्यवस्था करणं तुमची जबाबदारी. आजारी पडला तर त्याला पैसे देऊन एकटं खाली पाठवायचं नाही. तुमच्या मित्रासाठी जे कराल तेच त्याच्यासाठी.

वजनाचा हिशेब

चालण्याच्या दिवसाला एका माणसाला साधारण ३,००० ते ४,००० कॅलरी लागतात. सुक्या शिध्यात हे वजन ६०० ते ८०० ग्रॅम होतं. ७०० धरले तर नऊ दिवसांचे सव्वासहा किलो, राखीव दोन दिवसांचे वेगळे. तंबूचा वाटा, स्लीपिंग बॅग, कपडे, भांडी, इंधन मिळून बारा किलोच्या आसपास. पाणी दीड किलो. हे झाले वीस-एकवीस किलो. सॅक शरीराच्या वजनाच्या पंचवीस टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सोळा. हिशेब जमत नाही. म्हणून नव्या माणसाने एकतर ओझ्याला मदत घ्यावी, नाहीतर वाटेत शिधा भरता येईल असा मार्ग निवडावा, नाहीतर ट्रेक पाच-सहा दिवसांचा करावा. अन्न कमी करून वजन जमवू नका. उंचीवर भूक आधीच मरते आणि थंडीत उपाशी शरीर ऊब धरत नाही.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी. ४,५०० मीटरवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे धान्य, डाळी शिजता शिजत नाहीत. प्रेशर कुकर न्या किंवा फक्त गरम पाणी घालून होणारं अन्न न्या.

इंधनात दोन गोष्टी बघा. गॅसच्या डब्यात नुसतं ब्यूटेन असेल तर ते शून्य अंशाच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं. आयसोब्यूटेन उणे १२ पर्यंत चालतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. थंडीत आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं. दुसरं, पाण्यासाठी बर्फ वितळवायचं असेल तर बर्फाचं पाणी होण्यात जेवढी उष्णता जाते, जवळजवळ तेवढीच ते उकळायला पुन्हा लागते. म्हणजे इंधन दुप्पट. घरी एक लिटर पाणी उकळण्याआधी आणि नंतर डबा वजनकाट्यावर ठेवा, तुमच्या स्टोव्हचा खप कळेल. डोंगरातल्या वाऱ्यासाठी वर भरपूर भर घाला. गॅसचे डबे आणि इंधन विमानात नेता येत नाही, ते पोहोचल्यावर घ्यावं लागतं. कुठे मिळेल ते आधी विचारून ठेवा.

थंडी, ऊन आणि कपडे

साधारण दर १,००० मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. १,००० मीटरवर २५ अंश असतील तेव्हा ४,५०० वर दोनच असतील, तेही दिवसा. शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे सात वाटतं.

अंगालगत घाम बाहेर टाकणारा थर, त्यावर उबेचा, त्यावर वारा-पाऊस अडवणारा. सुती कपडा एकही नको. तो घामाने भिजतो, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड वेगळे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. ते कधीही चालायला वापरायचे नाहीत. थंडीने काकडणारा माणूस कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलू लागला, बोटांनी चेन लावता येईना, तर तो बरा होत नसून बिघडतो आहे. ओले कपडे उतरवा, कोरड्या बॅगेत घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी द्या.

स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं छापलेली असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे निवांत झोप लागेल ते, ‘लिमिट’ म्हणजे कशीबशी रात्र निघेल ते. विकत घेताना ‘कम्फर्ट’ बघा. आणि बॅगेइतकीच मॅट महत्त्वाची. अंगाच्या वजनाने बॅगेतला खालचा भराव दबून निरुपयोगी होतो, जमिनीची थंडी अडवते ती मॅट. मॅटचा आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, गोठलेल्या जमिनीवर चारच्या वर असावा. दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांचे आकडे मिळवता येतात.

अतिनील किरणं दर १,००० मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतं. गॉगलशिवाय बर्फात एक दिवस काढला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उघडवत नाहीत. बाजूने झाकलेला गॉगल घ्या, गटात एक जादा ठेवा. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा. बर्फावरून ऊन खालून येतं.

पाणी पिणं आणि पाणी ओलांडणं

स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्याच्या वर गुरं चरत असू शकतात. पाणी खळाळून उकळवा; २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्यांनी क्रिप्टोस्पोरिडियम हा पोट बिघडवणारा परजीवी मरत नाही, आणि बारीक छिद्रांचे साधे फिल्टर विषाणू अडवत नाहीत, म्हणून दोन्ही उपाय जवळ असावेत. हिमनदीचं दुधट पाणी रात्रभर भांड्यात ठेवलं की गाळ खाली बसतो; फिल्टर मग तुंबत नाही. एकदा आत पाणी गोठलं की फिल्टर फुटतो आणि फुटलेला दिसतही नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. बॅटऱ्याही तिथेच.

ओढे ओलांडणं नवे लोक फार हलक्यात घेतात. हिमनदीतून येणारा ओढा पहाटे सर्वांत कमी असतो. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारपासून पाणी चढत जातं; सकाळी पोटरीइतकं होतं ते संध्याकाळी कमरेपर्यंत येऊ शकतं. म्हणून मुक्काम असे आखा की मोठा ओढा सकाळी लागेल. दुपारी पोहोचलात आणि पाणी गढूळ, वेगाने येतंय, तळाशी दगड गडगडल्याचे आवाज येताहेत, तर अलीकडेच तंबू लावा. पहाटे ओलांडा.

जागा निवडताना अरुंद नको, पसरट हवी, जिथे प्रवाह फांद्यांत फुटतो. खालच्या बाजूला धबधबा, कातळ किंवा अडकलेली झाडं नसावीत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. अनवाणी जाऊ नका, थंड पाण्यात पाय बधिर होतात आणि कुठे ठेवतोय ते कळत नाही. तोंड प्रवाहाकडे, काठी समोर रोवून, आडवं सरकत, एका वेळी एकच आधार हलवायचा. दोघातिघांनी एकमेकांना धरून गेलं तर बरं. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगवान असेल तर मागे फिरा.

पायांची तयारी

निघण्याच्या तीन महिने आधी सुरू करा. आठवड्यातून तीन-चार दिवस चालणं किंवा धावणं, दोन दिवस जिने, हळूहळू पाठीवर वजन वाढवत. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस लांब चाला. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालता येणं हीच खरी परीक्षा. उतरण्याचा सराव वेगळा करा. मांड्या आणि गुडघे चढात थकतात पण खिंडीनंतरच्या हजार मीटर उतरणीत बोलतात.

बूट नवेकोरे नेऊ नका. चालताना पायाला कुठे चटका जाणवला की त्या क्षणी थांबा आणि तिथे टेप लावा. पुढच्या मुक्कामावर बघू म्हटलं की फोड येतो.

मदत मागण्याची सोय

विम्याचा कागद वाचा. त्यात कमाल उंचीची अट असते, आणि हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च धरलेला असतो किंवा नसतो. उंचीची अट तुमच्या वाटेवरच्या सर्वांत उंच जागेशी, म्हणजे खिंडीच्या आकड्याशी, ताडून बघा.

सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आणीबाणी बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा इशारा देणारं यंत्र) जिथे कायदेशीर आहे तिथे घ्या. सगळीकडे नाही, भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा ठरतो. जिथे ते नेता येत नाही तिथे तिसऱ्या रकान्याला आणखी वजन येतं: सर्वांत जवळची चौकी, गाव, रेंज येणारी धार कुठे आहे आणि तिथवर किती तास, हेही त्यात लिहा.

शिट्टी प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा. रात्री हेच टॉर्चने. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. उत्तर आलं तरी मदतीची माणसं तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत खुणा करणं थांबवू नका. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर तिरके पसरून उभं राहायचं, म्हणजे ‘होय, मदत हवी’. एक हात वर, एक खाली म्हणजे ‘नको’. उत्साहाने एकच हात हलवणाऱ्याला वैमानिक ‘नको’ समजू शकतो.

डोंगरातली घाण

थंडीत आणि विरळ मातीत काहीच लवकर कुजत नाही. शौचाला पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून किमान ६० मीटर दूर, १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा करून. कागद परत आणायचा. बर्फ आणि नुसत्या दगडगोट्यांत खड्डा होत नाही, तिथे सगळंच पिशवीत परत. अवघड वाटतं, पण त्याच ओढ्याचं पाणी खालचं गाव पितं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

तक्त्याच्या दोन प्रती काढा. एक सॅकमध्ये, दुसरी घरच्या किंवा जवळच्या एका जबाबदार माणसाकडे. त्या प्रतीवर गटातल्या सगळ्यांची नावं, रक्तगट, आजार, तंबूंचे रंग, पर्यायी वाट, वाटाड्याचा नंबर, विम्याचा क्रमांक आणि स्थानिक बचावयंत्रणेचा नंबर लिहा. सगळ्यांत वर एक तारीख आणि वेळ: तोपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. ती वेळ राखीव दिवस धरून ठरवा, नाहीतर तुम्ही तंबूत पाऊस थांबायची वाट बघत बसलेले असताना शोधपथक निघेल. रेंजमध्ये आल्याबरोबर पहिला फोन त्या माणसाला करा, आंघोळ आणि जेवण त्यानंतर.